पाहुण्याचं पाणी

त्या उन्हाळ्यात शकुंतलाबाईंचा जीव नळाच्या तोटीत अडकला होता. पावसानं सलग तोंड फिरवलेलं, साल दोन हजार तीन. धारवाडात केलगेरीकडच्या त्यांच्या गल्लीला धरणाचं पाणी आठवड्यातून एकदा यायचं, तेही आलं तर! धुण्याभांड्याला दारात बोअर होती. पण तिचं पाणी मचूळ, खारट. गल्लीतले सगळे कानडीतला शब्द उचलून त्याला 'सवळ' म्हणत. त्यात चहा नासायचा, डाळ म्हणून शिजायची नाही. प्यायचं गोडं पाणी स्वयंपाकघरात तांब्याच्या हंड्यात असायचं, आणि बाई त्यावर साप होऊन बसायच्या.

त्यांना हौस नव्हती हो तशी. मुकुंदराव, म्हणजे त्यांचे यजमान, निवृत्त मास्तर. संक्रांतीपासून त्यांचे पाय सुजत होते. डॉक्टरांनी बाईंना एकटीला बाहेर बोलावून सांगितलं, "मूत्रपिंडं थकलीत. मीठ बंद. आणि ते बोअरचं पाणी तर यांच्या पोटात जाताच कामा नये." बाईंनी घरी येऊन नवऱ्याला काय सांगावं? "पित्त झालंय तुम्हाला!" खरं कळलं तर काळजीनंच खंगतील, असं त्यांना वाटलं. मास्तर बिचारे अळणी भाजी गिळत पित्ताला शिव्या देत राहिले.

अशात सरकारचा हुकूम आला. शेजारचे प्रभंजन वकील कट्ट्यावर बसून बाईंना तो समजावून सांगत होते. दुष्काळ आहे तोवर प्रत्येक गल्लीतल्या बोअरचं पाणी तपासणार. खार ठरावीक मापाच्या आत निघाला, तर ती बोअर पिण्याची ठरणार, गल्लीच्या पाइपाला जोडणार, आणि धरणाचं पाणी दुसरीकडे वळवणार. खार जास्त निघाला तर बोअरवर लाल पट्टा, आणि गल्लीला गोड्या पाण्याचा टँकर. गल्लीतून मास्तरांच्या बोअरची निवड झाली होती.

"मग कसली काळजी अक्का? आपली बोअर सवळ आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे," वकील म्हणाले.

बाईंना मात्र घास गोड लागेना. सरकारी कामात उघड गोष्ट कधी उघड राहिलीय का? बोअर चुकून पिण्याची ठरली तर यांना पाजू काय? रोज विकतचं पाणी आणायला पेन्शन कुठं पुरणार? त्या उठता-बसता हंड्यात डोकावत आणि झाकण पुन्हा घट्ट लावत.

भूजल खात्याचा महादेव आला तेव्हा नेमकी वीज गेलेली. मोटर बंद, वरची टाकीही कोरडी. महादेवला अजून अर्धं केलगेरी फिरायचं होतं. नियमानं त्यानं स्वतः थांबून पाणी भरून घ्यायला हवं होतं, पण त्यानं बाटली ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "करंट आला की भरून ठेवा अक्कार, जाताना नेतो." बाईंना औषध आणायला जायचं होतं. त्यांनी आत पडलेल्या नवऱ्याला बजावलं, "तो आला की बाटली द्या बरं का!" बाटलीत काय भरायचं, हे वेगळं सांगायला हवं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

परत आल्यावर चप्पल काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "दिलंत का पाणी?"

"दिलं की! रिकाम्या हातानं पाठवीन होय?" मास्तर खुशीत होते.

बाईंनी देवापुढे साखर ठेवली.

आणि पुढच्या आठवड्यात सकाळी पाहतात तो काय, महादेव बोअरच्या पाइपावर हिरवा पट्टा ओढतोय! वर कानडीत 'कुडियुव नीरु', पिण्याचं पाणी, असं लिहूनही झालेलं.  बाई तशाच आत आल्या.

"अहो, त्या दिवशी तो बाटली न्यायला आला तेव्हा वीज आली होती का?"

"आली नव्हती. रात्र झाली यायला."

"मग बाटलीत काय भरलंत?"

"हंड्यातलं!" मास्तर सहज म्हणाले. "अगं शकू, दारात येऊन माणूस पाणी मागतो, त्याला सवळ पाणी द्यायचं? या घरानं पाहुण्याला कधी दिलंय ते?"

जन्मभर याच घरात पाहुण्याला गुळाचा खडा आणि गोडं पाणी दिलं गेलं होतं, ते बाईंनीच. "पाहुणा कसला, तपासायला आला होता तो!" त्या ओरडल्या. "आता टँकर नाही, नळ नाही. हे सवळच प्यायचं सगळ्या गल्लीनं, तुम्हीसुद्धा!"

मास्तर उठले, बोअरची चावी सोडून पेला भरला, गुळाचा खडा घेतला आणि बाहेर गेले. "महादेवा, आमच्या बोअरचं आहे. घे."

महादेवनं गूळ तोंडात टाकला आणि पेला ओठाला लावला. पहिल्याच घोटाला त्याच्या मानेची शीर ताठ झाली. पण म्हाताऱ्या माणसानं हातानं दिलेलं पाणी टाकायचं कसं? त्यानं डोळे मिटून पेला रिकामा केला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "छान आहे, अज्जार."

"थुंक मेल्या!" बाई किंचाळल्या. "छान काय म्हणतोस? विष आहे ते यांना! मूत्रपिंडं गेलीत यांची, डॉक्टरांनी थेंबभर देऊ नका म्हणून सांगितलंय! सवळ आहे म्हण, एकदा तुझ्या तोंडानं सवळ म्हण!"

महादेव हिरवा ब्रश तसाच हातात धरून उभा राहिला. "सवळ आहे, अक्कार," तो हळूच म्हणाला. "पण माझ्या जिभेवर पट्टा बदलत नाही. परत तपासायला देतो. तोवर मात्र हिरवाच राहणार." त्यानं पिशवीतून नवी बाटली काढली. या वेळी ती त्यानं स्वतः बोअरखाली धरली आणि तोंडापर्यंत भरली.

तो गेल्यावर बाई आत आल्या. हंड्याचं झाकण काढून पाहिलं. तळाशी तांब्याभर गोडं पाणी होतं. त्यातून अर्धा पेला भरून त्यांनी बाहेर येऊन मुकुंदरावांपुढे धरला.

मास्तरांनी पेला घेतला नाही. ते कट्ट्यावर बसून आपल्या सुजलेल्या पायांकडे बघत होते.

"पित्त म्हणालीस मला," ते म्हणाले. "सांगितलं असतंस तर मी भरलं असतं होय गं ते?"