अखेरचा रकाना

बाईंच्या पत्राला काकांनी उत्तर दिलं नव्हतं, त्याला आता चौथं वर्ष लागलं होतं.

पत्र तसं दोन ओळींचंच होतं. 'आपण जमवलेले शब्द अजून वापरात आहेत का, एवढं कळवा. बाकी ठीक.' बाई म्हणजे भाषांतर कचेरीतल्या त्यांच्या जुन्या वरिष्ठ. यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करता करता दोघांनी मिळून हजारो शब्दांचा संग्रह संगणकात भरला होता. पुढे बाई निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या, कचेरीचं सॉफ्टवेअर बदललं आणि संग्रहाची फाइल उघडेनाशी झाली. 'नाही' कळवायची काकांना हिंमत नव्हती, 'हो' म्हणणं खोटं ठरलं असतं. मग रविवारी मसुदा करायचा आणि सोमवारी फाडायचा, असा त्यांचा क्रम चालू होता.

"अहो, पत्र लिहिताय की राजीनामा?" बायको विचारायची.

"मायना जमत नाहीये."

"इतकी वर्षं नुसता मायनाच? लग्नाची पत्रिका मी छापली ते बरं केलं."

काका स्वतः निवृत्त झाले होते, पण मुद्रितं तपासायला रोज कचेरीत जात. एके दिवशी साहेबांनी बोलावलं. साहेब वयाने काकांच्या मुलाएवढे. नवं सॉफ्टवेअर त्यांनीच आणलेलं, त्यामुळे सासऱ्याने नव्या जावयाचं करावं तसं ते त्याचं कौतुक करत.

"काका, तुमची ती जुनी फाइल शुक्रवारी पुसतोय. नव्यात उघडून दाखवलीत तर ठेवू. नाहीतर उगाच अडगळ."

काका शुक्रवारनंतर बाईंना काय कळवणार होते?

नव्या सॉफ्टवेअरने जुनी फाइल पाहून ओळखच दाखवली नाही. मग काकांनी सामानाच्या खोलीतला जुना संगणक झाडून काढला आणि त्यातून सगळे शब्द साध्या तक्त्यात उतरवले. आधी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आले. जुना फॉन्ट कोणता ते निवडून दिल्यावर चौकोनांची अक्षरं झाली. तक्त्यात तीन रकाने होते: 'मूळ', 'बाई' आणि 'अखेर'. नव्या सॉफ्टवेअरने विचारलं, अंतिम मंजूर शब्द कोणत्या रकान्यात आहे? काकांनी 'अखेर' निवडला. नावच तसं होतं.

फाइल उघडली. साहेबांनी पाठ थोपटली आणि लगेच एका लिफ्ट कंपनीची पुस्तिका त्या संग्रहावर चालवून टाकली. कंपनीच्या तीन अधिकाऱ्यांनी ती तपासून सह्या केल्या. एकाने तर लिहिलं, 'भाषा ओघवती आहे.'

छपाईच्या आदल्या दिवशी पुस्तिका काकांच्या टेबलावर आली. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

'लिफ्ट मध्येच अडकल्यास न घाबरता मला हे पटत नाही पण बाईंपुढे कोण बोलणार दाबावे. लिफ्टमधील वजन खात्री नाही उद्या बघू यापेक्षा जास्त होऊ देऊ नये.'

मधली ही वाक्यं काकांचीच होती. शब्द ठरवायच्या बाई, तोही पहिल्याच फटक्यात, आणि तो 'बाई' रकान्यात जायचा. त्यामुळे 'अखेर' रकाना एरवी रिकामाच राहायचा. तिथे बाई कशाला पाहतील, अशा समजुतीने काका आपल्या मनातल्या शंका तिथे लिहून मोकळे होत. कालांतराने ते स्वतःच विसरून गेले होते.

आता बोललं तर साहेब फाइल पुसणार. गप्प बसलं तर कुणीतरी लिफ्टमध्ये अडकून काकांच्या शंका दाबत बसणार. काका साहेबांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले, पाणी प्यायले आणि पुन्हा गेले.

साहेबांनी पान वाचलं. "अरेच्चा! पण काका, कंपनीने पास केलंय ना? आता कशाला उकरून काढता?"

"साहेब, अडकलेला माणूस..."

"तो मोबाइल काढेल. पुस्तिका वाचतं कोण?"

"मी वाचतो," काका म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. ते स्वतःच दचकले.

साहेबही दचकले. "बरं बरं. म्हणजे फाइलच खराब आहे. पुसू या."

"फाइल चांगली आहे. रकाने मी चुकीचे जोडले. दुपारपर्यंत द्या मला."

"मग तो अखेरचा रकाना तेवढा उडवा. असलं पुन्हा नको."

उडवण्याआधी एकदा वाचावं म्हणून काका बसले. लाज वाटत होती, तरी वाचत गेले. 'खात्री नाही.' 'जड वाटतो.' 'बाईंना विचारावं का?' आणि त्या प्रत्येक नोंदीखाली एक ओळ होती, जी काकांनी कधी पाहिलीच नव्हती, कारण लिहिल्यावर ते पुन्हा तिथे फिरकतच नसत, आणि पुस्तिकेत सॉफ्टवेअरने प्रत्येक नोंदीची पहिलीच ओळ उचलली होती. 'विचारा ना.' 'जड आहे खरा, हलका सुचवा.' 'मी चावत नाही.' आणि शेवटच्या नोंदींपैकी एकीखाली: 'बरोबर आहे तुमचं. बदलते आहे.'

बाई सगळं वाचत होत्या. उत्तरंही देत होत्या.

काकांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा वाचलं. मग त्यांनी 'बाई' रकाना मंजूर शब्दांना जोडला आणि 'अखेर' रकाना शेऱ्यांत टाकला. पुस्तिका पुन्हा काढली. अडकलेल्या माणसाला आता दाबायला इशारा-कळ मिळाली.

"तो रकाना उडवलात ना?" साहेबांनी विचारलं.

"शेऱ्यांत ठेवलाय. तिथे कुणी बघत नाही."

"मग हरकत नाही," साहेब म्हणाले आणि 'वारसा जतन प्रकल्प' या नावाने वरिष्ठांना अहवाल पाठवायला बसले. अहवालात काकांचा उल्लेख 'उपलब्ध साधनसामग्री' असा होता.

घरी येऊन काकांनी मसुदा न करता लिहिलं:

'बाई, शब्द वापरात आहेत. आजच एका लिफ्टमध्ये बसवले. तुमच्या ओळी मी आज पहिल्यांदा वाचल्या. माझ्या शंका तुम्हाला दिसत होत्या हे ठाऊक असतं, तर मी तोंडानेच विचारल्या असत्या. बहुधा. इशारा-कळ मला अजूनही पटत नाही. नुसतं बटण म्हणावं. तुमचं म्हणणं कळवा.'

बायकोने खांद्यावरून डोकावून पाहिलं. "झालं? मायना कुठाय?"

"राहू दे," काका म्हणाले. चपला घालून ते कोपऱ्यावर गेले आणि पाकीट पेटीत टाकलं.