निकालाआधीचं अभिनंदन

त्रिशला बेळगावहून परतत होती. मुलाखतीसाठी खडेबाजारातून घेतलेला पांढरा शर्ट पिशवीत घालून तिने मांडीवर ठेवला होता. बस निपाणीत शिरली, स्टँडच्या अलीकडच्या चौकात वळली आणि खिडकीतून तिला स्वतःचाच चेहरा दिसला.

दोन खांबांना बांधलेला भलामोठा फ्लेक्स होता. वर कन्नड, खाली मराठी. ‘परदेशातील विद्यापीठात पीएच.डी.साठी निवड झाल्याबद्दल कु. त्रिशला भुजबली चौगुले हिचे हार्दिक अभिनंदन!’ फोटो चुलतभाऊ कुमारच्या लग्नातला होता. डोक्यात गजरा, तोंडभर हसू.

 पण निवड झालीच नव्हती.

धारवाडला वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर तिने परदेशात तीन ठिकाणी अर्ज केले होते. त्यातल्या नेदरलँड्सच्या विद्यापीठाने परवाच कळवलं होतं, की तिचं नाव शॉर्टलिस्टमध्ये आहे, आता मुलाखत होईल आणि मग निर्णय. तिने धावत दुकानात जाऊन वडिलांना, आप्पांना, सांगितलं, तेव्हा ते गिऱ्हाईकाला भेंडीचं बियाणं काढून देत होते. खत-बियाण्यांच्या त्या दुकानातल्या गर्दीत ‘लिस्टात नाव आलं’ एवढंच त्यांच्या कानात राहिलं. बाकीचं काम कुमारने केलं.

घरी पोचली तर बाहेरच्या सोप्यात शेजारपाजारच्या बायका बसलेल्या. आप्पांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स.

“आलीस व्हय गं? चौकातनंच आलीस न्हवं?” ते म्हणाले. “कसा झालाय फोटो?”

आप्पा तसे कमी बोलणारे. इतक्या मोठ्याने बोलताना तिने त्यांना कधी ऐकलं नव्हतं. तिने पेढा तोंडात घातला.

बायका गेल्यावर ती स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन उभी राहिली.

“आई, अजून काही झालेलं नाही. नुसती मुलाखत आहे.”

आईचा हात थांबला. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तरी तिने ती उलटली नाही.

“आप्पास्नी सांग.”

“तू सांग ना.”

“मी न्हाई बाई. तुला बघून गेलेल्या चिकोडीच्या पावण्यास्नी त्यांनी आज सकाळीच न्हाई म्हणून कळवलंय. पोरगी परदेशी चाललीय म्हणून.”

 उद्या सांगू, असं त्रिशलाने ठरवलं. उद्याही तिने तेच ठरवलं.

मुलाखत वरच्या खोलीत झाली. लॅपटॉपवर तीन चेहरे, तिघंही सौम्य. सुरुवात बरी झाली. मग पानांवरच्या बुरशीबद्दल एक प्रश्न आला. त्याचं उत्तर तिला येत होतं, त्याच विषयावर तिने प्रबंध लिहिला होता. पण तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढे तो चौकातला हसरा फोटो आला. ती बोलायची थांबली. पडद्यावरची बाई म्हणाली, सावकाश, घाई नाही. त्या दयाळू आवाजाने ती आणखीच गोंधळली आणि अर्धंच उत्तर देऊन थांबली. निर्णय लवकरच कळवू, असं सांगून त्यांनी निरोप घेतला.

त्या दिवसापासून फोन वाजला की ती हातातलं काम टाकून धावायची. तिने आवाज बंद केला, तर दर थोड्या वेळाने फोन उचलून बघावंसं वाटायचं. मग तिने तो तांदळाच्या डब्यात ठेवला आणि स्वतः डब्याशेजारीच बसून राहिली. जेवण जाईना. बाजारात जायचं तर ती चौक टाळून मागच्या गल्लीने जायची. तिथेही शाळेतले गुरुजी भेटले.

“काय त्रिशला, व्हिसाचं झालं का?”

“चाललंय, सर,” ती म्हणाली आणि भराभर घरी आली.

रविवारी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजेनंतर समाजातर्फे तिचा सत्कार ठेवल्याचं कळलं, तेव्हा मात्र तिला पुढे ढकलायला उद्या उरला नाही. शनिवारी दुपारी ती दुकानात गेली. गिऱ्हाईक कुणी नव्हतं.

“आप्पा, मला निवडलेलं नाही. निवडतील का, ते पण माहीत नाही.”

तिने सगळं सांगितलं. आप्पा खताच्या पोत्यावर बसले.

“मग त्या दिवशीच का न्हाई बोललीस?”

“तुम्ही लई आनंदात होता.”

आप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. 

“उद्यापतुर येईल का गं उत्तर?”

“सुट्टी असती त्यांना.”

“मग आता कसं करायचं?”

हे मात्र तिला सोसलं नाही. कसं करायचं, हे घरातला प्रत्येक माणूस आप्पांना विचारायचा. त्यांनी कधी कुणाला विचारलेलं तिने पाहिलं नव्हतं. आपल्या पोटातली भीती आपण त्यांच्याही पोटात घातली, असं तिला वाटलं.

रविवारी बस्तीसमोरचा मंडप भरला होता. टेबलावर शाल, श्रीफळ, हार. अध्यक्षांनी तिचं नाव पुकारलं. ती उठणार, तोच शेजारच्या पुरुषांच्या रांगेतून आप्पा उठले आणि माइकपाशी गेले. टोपी त्यांनी हातात काढून घेतली होती.

“पोरीचं अजून ठरलेलं न्हाई,” ते म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. “मुलाखतीला बोलावल्यालं. मी अर्धंच ऐकलं आनि गावभर सांगत सुटलो. ती खोटं बोलली न्हाई. चूक माझी हाय.”

 मागून कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला दटावलं. अध्यक्षांना उघडलेल्या शालीचं काय करावं ते सुचेना.

“मग ही... ठेवू काय?” त्यांनी विचारलं.

“ठेवा,” आप्पा म्हणाले आणि येऊन जागेवर बसले. टोपी तशीच हातात राहिली होती.

कुमारने दुपारीच फ्लेक्स उतरवला. तिला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. पण झालं उलटंच. आधी लोक अभिनंदन करायचे, आता विचारायला लागले, “आलं का?” दूधवाला विचारायचा, समोरची काकू खिडकीतून विचारायची. आता तिच्याबरोबर अख्खी गल्ली वाट बघत होती, आणि नाही म्हणायची वेळ आली तर ती सगळ्यांना म्हणावी लागणार होती.

मेल आली तेव्हा ती दुकानात पुड्या बांधत होती. विद्यापीठाचं नाव दिसलं आणि हातातली पुडी सांडली. बिया काउंटरभर झाल्या.

“आप्पा, मला उघडवत नाही. तुम्ही बघा.”

“माझं इंग्लिश कच्चं. तू वाच. मी हाय हितं.”

तिने वाचलं. दुसऱ्याच ओळीत कळलं, तरी ती शेवटपर्यंत वाचत राहिली.

“न्हाई झालं, आप्पा.”

“न्हाई?”

“दुसऱ्या कुणाला तरी घेतलं.”

आप्पांनी काउंटरची कड घट्ट धरली.  इतक्यात युरिया मागायला एक माणूस आला. त्यांनी त्याला पोतं काढून दिलं, सुट्टे पैसे परत केले आणि तो गेल्यावर मग तिच्याकडे वळले.

“अजून दोन ठिकाणचं यायचंय न्हवं?”

“व्हय. पण तिथंही...”

“यायचंय न्हवं?”

तिने मान हलवली आणि मग तिला रडू आलं. आप्पांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि ती थांबेपर्यंत रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले. मग मागच्या खोलीत रिकामी पोती अंथरून म्हणाले, “पड जरा. कितीक दिस झोपली न्हाईस तू.”

पडल्या पडल्या तिचा डोळा लागला.

फोन काउंटरवरच राहिला होता. आप्पा सांडलेल्या बिया एकेक करून वेचत बसले. थोड्या वेळाने फोन वाजला आणि ते दचकून उभे राहिले. चष्मा लावून, हात न लावता, वाकून त्यांनी पडद्यावरची अक्षरं जुळवली. रिचार्ज संपत आल्याचा मेसेज होता. त्यांनी श्वास सोडला, मागच्या खोलीकडे एकदा पाहिलं, आणि फोन उचलून आपल्या खिशात ठेवला.