शेवटचा हात

माझी लेक शब्दकोशाच्या कचेरीत कामाला आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीचा कोश म्हणे. एकेका शब्दावर दोन-दोन महिने बसतात. तेवढ्यात आम्ही डझनभर कपाटं घासून, पॉलिश करून गिऱ्हाइकाच्या घरी पोचवतो! पण मी काही बोलत नाही. म्हणजे बोलतो, ती ऐकत नाही.

परवा सुट्टीच्या दिवशी ती कार्डांचा डबा घेऊन थेट आमच्या सुतारखान्यात आली. तिच्या वाट्याला ‘रफ’ हा शब्द आलाय.

"बाबा, तुमचा जन्म खरखरीत लाकडं घासण्यात गेला. यातलं काय कशाशेजारी ठेवू, तेवढं सांगा."

लेकीने असं विचारल्यावर कुठला बाप फुगणार नाही? मी ऐटीत स्टुलावर बसलो. तिने कार्डं मांडली. लव न कातरलेलं कापड, न नांगरलेली जमीन, आणि नंतरच्या शतकांत जोडले गेलेले अर्थ: खवळलेला समुद्र, घोगरा आवाज, उद्धट माणूस.

"हा काय सावळा गोंधळ!" मी म्हणालो. "खडबडीत वेगळं, ते पायाला कळतं. खरखरीत बोटाला कळतं. केस राठ, माणूस राकट. एका शब्दात सगळं कोंबायची कसली हौस?"

"आणि सगळ्यात जुन्या अर्थांतला एक म्हणजे केसाळ. ज्यावरचे केस काढलेले नाहीत असं."

"म्हणजे माझी हनुवटी."

"हो. चार दिवसांची," ती हसली.

बोलता बोलता तिचा हात शेजारच्या पाळण्याच्या कठड्यावर गेला. एका शिक्षिकेने पहिल्या बाळासाठी सांगितलेला पाळणा. चार वाजता ती न्यायला येणार होती. आमच्याकडे शेवटचा हात माझा. डोळे मिटून मी सगळीकडे बोटं फिरवतो आणि मग खाली खडूने बरोबरची खूण करतो. ती खूण झाली की माझा भागीदारसुद्धा पुन्हा तपासत नाही. त्या पाळण्यावर खूण सकाळीच झाली होती.

"बाबा, हे राहिलंय," ती म्हणाली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कार्डं लाव तू! कागद चिवडणारी माणसं मला लाकूड शिकवायला लागली!"

खिळ्यावर एक जुना पातळ नायलॉनचा मोजा टांगलेला असतो. हाताला अजून कळत नाही अशा नवशिक्यांसाठी. तो तिने काढला आणि कठड्यावरून हळूच ओढला. मोजा अडकला. थोडा पुढे ओढला, तिथेही अडकला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी तिथे बोट ठेवलं. मला गुळगुळीत लागलं. एकदम काचेसारखं.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला हिवाळ्यापासून शंका होती. शर्टाची बटणं हाताला लागत नव्हती. थंडी म्हणून सोडून दिलं. खरं तर घाबरलो होतो. बोटं गेली तर या खोलीत माझं काय काम?

"त्या बाळाचा गाल इथे टेकला असता गं," मी म्हणालो.

तिने माझा हात हातात घेतला. म्हणाली, "गाल... बाबा, तुमचा गाल तर शाबूत आहे ना?"

मी खाली वाकून कठड्यावर गाल टेकला. सगळंच खरखरलं.

"हे लाकूड नाही, तुमची दाढी आहे," ती म्हणाली. "जुना अर्थ."

कोपऱ्यातल्या नळावर साबण लावून, भागीदाराच्या वस्तऱ्याने तिने माझी दाढी केली. मग मी ती दोन ठिकाणं बारीक पॉलिश-कागदाने घासली आणि डोळे मिटून पुन्हा गाल फिरवला. आतल्या कडेला लाकडाची आणखी एक बारीकशी, टोचणारी कूस लागली. ती मोज्यालाही सापडली नव्हती. तीही काढली. पाळण्याखालची सकाळची खूण पुसून मी नवी केली.

तेवढ्यात भागीदार आला. मी म्हटलं, नको उगाच लपवाछपवी. सरळ सांगितलं, "माझी बोटं गेली रे. हा पाळणा गालाने तपासलाय. इथून पुढे माझ्या खुणेवर विसंबू नकोस."

तो डबा उघडून जेवायला बसला. "विसंबतोय कोण?" म्हणाला. "हिवाळ्यापासून कुलूप लावायला मी मागे का थांबतो, असं वाटलं तुला? तू गेलास की मोजा फिरवतो."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. "मग बोलला का नाहीस?"

"तू ऐकलं असतंस?"

लेक कार्डांमध्ये डोकं खुपसून बसली होती, पण तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

भागीदाराने कठड्यावर हात फिरवला, मग मोजा फिरवला, मग माझ्या गालाकडे बघितलं.

"उद्यापासून," तो म्हणाला, "रोज दाढी करून येत जा."