दोन कॉम्प्युटरांमधला डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे. बिस्किटांचा नाही, तेवढं नशीब कुठलं! मी पत्र्याचा, करड्या रंगाचा, विटेपेक्षा जरा लहान. तोंडावर एक गोल खुंटी, तिच्या एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला २ हे आकडे. पाठीला वायरींची भोकं. खुंटी फिरवली की 'खट्ट' वाजतं आणि एकाच मॉनिटर-कीबोर्डवर कधी हा कॉम्प्युटर चालतो, कधी तो. माझ्या खोक्यावर माझं इंग्रजी नाव छापलेलं होतं, पण ते कुणी कधी घेतलं नाही. आमच्या घरात मी 'डबा' आणि माझी खुंटी म्हणजे 'कान'. उठसूट माझा कान पिळत. एखाद्या मुलाचे एवढे कान पिळले गेले असते तर तो कलेक्टर झाला असता. मी आपला डबाच राहिलो.

माझा जन्म एका शेडमध्ये झाला. तिथे बायका ओळीनं बसून आमच्या पोटात बारीक तारा जोडायच्या. तिथून मी बुधवार पेठेतल्या एका दुकानात आलो आणि फळीवर धूळ खात बसलो. तेव्हा पुण्यात जो तो कॉम्प्युटर शिकत होता. गल्लोगल्ली क्लास निघाले होते. लोक दुकानात येऊन कॉम्प्युटर न्यायचे, माझ्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. अखेर एक दिवस साईनाथ आणि ऋतुजा हे नवराबायको आले. धायरीहून आले होते. साईनाथनं मला उलटंपालटं करून विचारलं, "हा चालेल ना नक्की?"

"दुसरा मॉनिटर घ्या, नाहीतर हा घ्या," दुकानदार म्हणाला. "आणि नुसतं विचारायचंच असेल तर जरा बाजूला उभं राहून विचारा, मागे गिऱ्हाईक आहे."

अशा थाटात माझी पाठवणी झाली.

धायरीत साईनाथच्या वडिलांची, रंगरावांची, शेती होती. पुणं वाढत वाढत बांधापर्यंत आलं, तशी शेतात इमारत उभी राहिली. खालच्या मजल्यावर हे कुटुंब राहायला आणि पुढच्या खोलीत साईनाथचं प्लॉट-फ्लॅटच्या खरेदीविक्रीचं ऑफिस. त्यानं ऐटीत कॉम्प्युटर घेतला होता. जाहिरातीची पत्रकं तो त्याच्यावर बनवायचा, आणि उरलेल्या वेळात पत्ते खेळायचा. उरलेला वेळ बराच असायचा.

ऋतुजा लोणी काळभोरची, बी.एस्सी. झालेली. तिला नोकरी करायची होती, पण रंगरावांनी निक्षून सांगितलं होतं, "सुनंनं बाहेर जायाचं न्हाय. घरात बसून काय बी कर." मग तिनं घरात बसून करायचं काम शोधलं. अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांबद्दल जे बोलतात, ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करून पाठवायचं. त्याचा कोर्स तिनं केला. तिच्या भावानं गावातला कॉम्प्युटर क्लास बंद केला, तेव्हा त्यातला एक कॉम्प्युटर तिला दिला. मॉनिटर मात्र आधीच विकले गेले होते. म्हणून मी आलो. एका बाजूला साईनाथचा कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला ऋतुजाचा, मधे मी.

पहिल्याच दिवशी साईनाथनं नियम सांगून टाकला. "मॉनिटर माझा आहे. म्हणून माझा कॉम्प्युटर एकवर. तुझं काम झालं की कान परत एकवर आणून ठेवायचा."

ती "बरं" म्हणाली. बिचारी काय म्हणणार!

मित्रांनो, मला विचाराल तर माझा जन्म वाटणीसाठी झाला. दोघांना सारखं. आणि त्या घरात काय चाललं होतं? ती बसली की हा येऊन मागे उभा. "झालं का तुझं?" एक गिऱ्हाईक आलंय, झालं का तुझं? एक पत्रक काढायचंय, झालं का तुझं? तिच्या कानात अमेरिकेतला डॉक्टर हृदयाच्या झडपेबद्दल पुटपुटतोय, इकडे हा खांद्यावरून हात घालून माझा कान पिळतो, खट्ट! तिचं वाक्य अर्ध्यात गायब आणि पडद्यावर याचे पत्ते. अस्सा संताप यायचा मला! पण पत्र्याला तोंड नसतं. ती उठायची, कुकर लावायची, पुन्हा येऊन बसायची, आणि उठताना न चुकता कान एकवर ठेवून जायची. साईनाथ उठताना कान दोनवर ठेवून गेला, असं मात्र एकदाही घडलं नाही.

तशातच तिला चाचणीचं काम आलं. शहरातल्या एका ऑफिसनं काही फायली दिल्या होत्या. त्या बिनचूक टाइप करून फोनच्या लाइनवरून पाठवायच्या. पसंत पडल्या तर घरबसल्या कायमचं काम. मुदत होती दसऱ्याच्या दिवशी दुपारी बाराची. अमेरिकेला दसरा नसतो, तिथल्या डॉक्टरांना कोण सांगणार? आणि ही जागा गेली, तर बाहेरची नोकरी तिला बंदच होती. सगळं शिक्षण पोळपाटाखाली जायचं होतं.

आता दसऱ्याला आमच्या घरात नेम असा, की सकाळी विळे, कोयते, मोटरसायकल, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा. आणि एकदा पूजा झाली की संध्याकाळी सोनं लुटून येईपर्यंत त्या वस्तूंना हात लावायचा नाही. कॉम्प्युटर आल्यापासून तोही पूजेला बसत होता.

ऋतुजानं हे धरूनच पहाटे उठून काम सुरू केलं. पूजा दहाला, त्याच्या आत फायली पाठवायच्या असा तिचा हिशेब. पण घरात पुरणपोळ्या होत्या, आणि सुनेला एकटीला पडद्यासमोर कोण बसू देतंय? सासूबाईंनी, म्हणजे बायडाबाईंनी, हाक मारली तशी ती शेवटची फाईल थोडी बाकी ठेवून उठली. कीबोर्ड-माऊस टेबलाखालच्या फळीवर सरकवले. कान एकवर ठेवला. नियम म्हणजे नियम!

ती पुरण वाटत होती तोवर इकडे पूजेचं ताट आलं. पाहुणे जेवायला लवकर येणार म्हणून रंगरावांनी पूजा घाईनं उरकायला घेतली होती. बायडाबाईंनी साईनाथच्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, मॉनिटरला झेंडूची माळ घातली. मग त्यांची नजर माझ्यावर पडली.

"आन् ह्यो डबा?" त्या म्हणाल्या. "ह्यो बी दिसभर राबतोय की. ह्याला कोन इचारतच न्हाय."

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, माझा ऊर भरून आला! इतक्या दिवसांत माझ्या राबण्याचं नाव कुणी काढलं नव्हतं. बायडाबाईंनी मला ओलं कुंकू लावलं, अगदी सढळ हातानं, आणि वर चिमूटभर अक्षता वाहिल्या. कुंकवात भिजलेल्या त्या तांदळातले दोन दाणे घसरले ते थेट माझ्या कानाच्या फटीत. आयुष्यात पहिला मान मिळाला आणि त्या मानानंच माझा कान धरला.

ऋतुजा हात पुसत आली आणि दारातच थबकली.

"आत्या, पूजा झाली? दहाला होती ना?"

"झाली गं. पावनं लवकर येत्यात."

"माझं थोडंच राहिलंय. पाठवून टाकते."

"आता न्हाय," रंगराव म्हणाले. "पूजेतल्या वस्तूला हात लावायचा न्हाय, ठावं हाय ना?"

"अगं, उद्या पाठव," साईनाथ म्हणाला. "एका दिवसानं काय आभाळ कोसळतंय?"

"उद्या ती जागा दुसऱ्या कुणाची झालेली असेल, अहो. बारापर्यंतच मुदत आहे."

तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. टेबलाखाली वाकून तिनं बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "मामा, पूजा ह्यांच्या कॉम्प्युटरची झालीय. माझ्या कॉम्प्युटरला हळदीचं बोटसुद्धा लागलेलं नाही. कीबोर्ड-माऊस फळीवर होते, त्यांनाही नाही. मग त्यांना हात लावला तर चालेल ना?"

रंगरावांनी वाकून खात्री केली. खरंच होतं. सुनेच्या कॉम्प्युटरकडे सगळ्या घराची पाठ फिरलेली, तशी पूजेचीही फिरली होती.

"आन् मॉनिटर?" ते म्हणाले. "त्याला तर माळ हाय."

"मॉनिटरला मी कधीच हात लावत नाही, मामा. नुसती बघते."

बायडाबाई पदराआड हसल्या. "आन् डब्याची पूजा नेमातली न्हाय, ती मी आपली वरून केली," म्हणाल्या. रंगरावांनी घसा खाकरला आणि, "पावनं आलं का बघतो," म्हणून बाहेर गेले. आमच्याकडे होकार असाच देतात.

तिनं माझा कान धरला. फिरेना. पुन्हा जोर लावला. फिरेना! तांदूळ फुगून घट्ट बसले होते. साईनाथ पक्कड घेऊन आला, मी आतल्या आत ओरडलो, पण कान एकवरच. घरातल्या सवयीनं मला जणू शापच दिला होता.

"राहू दे आता," साईनाथ म्हणाला. "अडलंय ते अडलंय."

"अडलाय तो डबा," ऋतुजा म्हणाली. "मी नाही."

ती पदर खोचून टेबलाखाली गेली. आपला कॉम्प्युटर बंद केला, माझ्या पाठीतून मॉनिटर, कीबोर्ड, माऊसच्या वायरी एकेक करून उपटल्या आणि सरळ आपल्या कॉम्प्युटरला जोडल्या. मधे कुणी नाही. झेंडूच्या माळेआड तिचा पडदा उजळला. तिनं राहिलेलं टाइप केलं, फोनची लाइन लावली आणि बाराच्या आत सगळं पाठवून दिलं. त्या वेळात दारावर गिऱ्हाईकही आलं होतं. त्याला साईनाथ म्हणाला, "जरा थांबा, तिचं चाललंय." हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

तिला काम मिळालं. घरात पेढे वाटले. मला काय मिळालं? पोटमाळा! तिनं आपल्या कमाईतून स्वतःचा मॉनिटर घेतला आणि मला वाळक्या झेंडूसकट वर टाकलं. ती आनंदात होती, तिच्यावर माझा राग नव्हता. पण वाटणीसाठी जन्मलो आणि घरात सुख आलं ते मला उपटल्यावर, हे मनाला लागतं हो!

पुढे एका उन्हाळ्यात विजेचा दाब वरखाली झाला आणि साईनाथचा मॉनिटर जळाला. त्याला तातडीनं एक पत्रक काढायचं होतं. मग आठवण कुणाची? डब्याची! बायडाबाईंनी अंबाड्यातला आकडा काढून माझ्या कानातले तांदूळ टोकरले. "मीच घातलं व्हतं, मीच काढते," म्हणाल्या. ऋतुजानं वायरी जोडल्या, आपला कॉम्प्युटर एकवर आणि त्याचा दोनवर.

"अगं, एकवर माझा असतो," साईनाथ म्हणाला.

"मॉनिटर कुणाचा?" तिनं विचारलं.

मला तर वाजण्याआधीच खट्ट झाल्यासारखं वाटलं. मनात म्हटलं, झालं! आता हा मागे उभा राहणार आणि ही पडद्यासमोर बसणार. माझा कान एकवरचा हलणार नाही तो नाहीच, फक्त एकवरचं माणूस बदललं.

तिनं आपलं काम संपवलं. हेडफोन काढला. खुर्चीतून उठता उठता माझा कान धरला आणि दोनवर फिरवला. "घ्या, तुमचा चालू आहे," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

साईनाथनं पत्रक बनवलं, छापलं, आणि उठून चपला घालायला लागला. कान दोनवर तसाच. माझा जीव वरखाली! तेवढ्यात लसूण सोलत बसलेल्या बायडाबाई कडाडल्या, "आरं ए, उठला तसाच चालला व्हय? कान फिरव की तिच्याकडं!"

तो चपला काढून परत आला. खट्ट.

मित्रांनो, मला अक्षता वाहणार असाल तर कोरड्या वाहा आणि कानापासून लांब वाहा, एवढी माझी स्वतःसाठी विनंती. बाकी तुमच्या घरात एखादी वस्तू दोघांत मिळून असेल, तर एकच बघा, काम झाल्यावर ती कुणाकडे परत ठेवायची असते. ज्याच्याकडे परत ठेवायची, वस्तू त्याची असते. दुसऱ्याला ती नुसती मागून मिळालेली असते. म्हणून उठताना कान दुसऱ्याकडे फिरवून उठा. त्याला कष्ट काही पडत नाहीत, तरी साईनाथच्या हातून तो आवाज ऐकायला माझी सगळी उमर गेली.