तळाची माती आणि मामांची जीभ

मातीतल्या जंतूंचा अभ्यास करणाऱ्या भाचीनं नमुने काढायला आपल्या सख्ख्या मामांनाच धरलं होतं. मामांचा जन्म जमिनीत भोक पाडायचं गिरमीट फिरवण्यात गेलेला. मातीची कांडी वर आली की चिमूटभर दाताखाली धरायची. करकरली तर पोयटा, गुळगुळीत लागली तर चिकण. आजवर इतकी माती पोटात गेली होती, की एखाद्यानं बी टाकलं असतं तर वांगी धरली असती.

पण त्या सकाळी प्रयोगशाळेत आम्ही कुणीच हसत नव्हतो. वरच्या मातीतले जंतू निराळे आणि तळातल्यांचं कुळच निराळं, असं भाची वर्षानुवर्षं सांगत आलेली. आणि डीएनए वाचणारं यंत्र दाखवत होतं, की तळाच्या नमुन्यात माणसाच्या तोंडातले जंतू सुखानं नांदताहेत.

"तीन मीटर खाली जांभई कोण देत होतं?" विभागप्रमुख बाई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत उत्तर दे. नाहीतर हे काम बंद."

भाची वळली. "मामा, तळाची कांडी चाखलीत?"

"छे गं! म्हणजे... फक्त टोक."

"आणि तेच बोट परत कांडीला?"

"हात आपोआप जातो बघ."

नमुना काढला त्या खड्ड्यावर केव्हाच काँक्रीट पडलेलं, नवी कांडी मिळणं नाही. फ्रीजरमध्ये त्या कांडीचा बोटभर तुकडा तेवढा उरला होता. भाचीनं मामांना कोपऱ्यात स्टुलावर बसवून तोंडाला चिकटपट्टी लावली.

"उं?"

"नाकानं श्वास घ्या. तोही भिंतीकडे."

पातं ज्योतीत तापवून, गार करून ती तुकड्याची साल काढू लागली. मामांचं बोट न लागलेला आतला गाभाच शुद्ध. तुकडा झिजत झिजत वाटाण्याएवढा राहिला, आणि नेमकी मामांना शिंक आली. त्यांनी नाक दाबलं, डोळे खोबणीबाहेर आले, चेहरा जांभळा झाला. शिंक कानांतून गेली म्हणतात. भिंतीवरचं कॅलेंडर तर मी स्वतः हलताना पाहिलं. भाचीचा हात मात्र हलला नाही. वाटाणा नळीत पडला. शेजारच्या नळीत नुसतं पाणी. हाताची घाण मिसळली असली तर ही पाण्याची नळीच चुगली करणार होती.

संध्याकाळी बाई तिच्या पाठीशी उभ्या. पडद्यावर ओळी उमटू लागल्या. पाण्याची नळी कोरी. तोंडातले जंतू, एकही नाही. आणि निम्म्या ओळी अशा, की यंत्राच्या यादीत कुणाशीच नातं जुळेना.

"वरच्या थरात हे आहेत?"

"एकही नाही, बाई."

बाईंनी चष्मा पुसला. "चालू राहू दे काम."

भाचीनं मामांची पट्टी ओढली. अर्धी मिशीही आली.

"पण चिकणच होती गं," मामा म्हणाले.