चावीदादा हितधारक होतो

आमच्या वस्तीत पाणी सोडणाऱ्याला लहानथोर सगळे चावीदादा म्हणतात. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून तो सकाळी टाकीखालच्या खड्ड्यात उतरला, की घरोघरी नळ खोकायला लागतात. आमची गल्ली पार टोकाला. वरच्यांचं भरून झालं की उरलंसुरलं आमच्याकडे येतं.

त्या दिवशी तेवढं तरी यायलाच हवं होतं. नातवाचं पोट बिघडलेलं, घरात एक दुपटं कोरडं नाही.

नेमकी त्याच सकाळी पाणी आणि हवामानबदलावर लोकसहभागाची सभा ठेवलेली. सभा घेणाऱ्या साहेबांनी आदल्या दिवशी चावीदादाला गाठून सांगितलं होतं, "तुम्ही प्रमुख हितधारक आहात. तुमच्याशिवाय सभा सुरू होणार नाही."

दादा छाती काढून घरी गेला. बायको म्हणाली, "धारक म्हणजे काहीतरी धरायला देत असतील ना? कार्ड कुठाय?"

"कार्ड नसतं. मान असतो."

"मग तो हंड्यात भरून ठेवा."

सकाळी दादा इस्त्रीचा शर्ट घालून सभागृहात पहिल्या रांगेत बसला, चावी गुडघ्यांत धरून. इकडे नळ कोरडे. दादाला शोधत अख्खी वस्ती बादल्या-कळशांसकट सभेत शिरली. सून दुपट्यांची बादली घेऊन, मी तिच्या मागे. भिंतीवरच्या फलकावरची जोडाक्षरं मी सोडवेपर्यंत स्वागताचं भाषण संपलंसुद्धा.

साहेबांना आनंद मावेना. "एवढा प्रतिसाद मी आजवर पाहिला नाही!"

दादा अर्धवट उठला. "साहेब, जरा चावी फिरवून येतो."

"अहो, हितधारकच उठून गेला तर सभा कुणाची? बसा." मग साहेब आमच्याकडे वळले. "बदलत्या हवामानात आपण लवचीक व्हायला हवं. समजा, उद्या पाणीच आलं नाही. काय कराल?"

"चावीदादाला शोधू!" मागून कुणीतरी ओरडलं.

"उत्तम!" साहेबांनी फळ्यावर लिहिलं : हितधारकांशी संवाद.

सून उभी राहिली. "साहेब, माझ्या बाळाचं पोट बिघडलंय. तुम्ही दादांना सोडा, म्हणजे ते पाणी सोडतील."

"फार छान सूचना. रीतसर ठराव करू. कोण कोण अनुकूल?"

लोकांनी दोन्ही हात वर केले. काहींनी कळशाही.

"एकमताने मंजूर!" साहेब म्हणाले, आणि टाळ्या वाजवायला थांबले. दादा केव्हाच दाराबाहेर पडला होता. त्याच्या मागे सगळी सभा धावली. खुर्च्या आडव्या, चपला उलट्या. सभागृहात उरलो साहेब, मी आणि सून.

"अगं, पळ ना!" मी म्हटलं.

"कुठे पळू, आई? सगळे एकदम नळ सोडतील. आपल्या टोकाला आता नुसती हवा येणार."

ती व्यासपीठावर चढली. पाहुण्यांसाठी टेबलावर पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. एक उघडून तिने बादलीत रिकामी केली. मग दुसरी.

"अहो ताई, हे पिण्याचं पाणी आहे!"

"मग प्या की," ती म्हणाली, आणि बादली त्यांच्यापुढे सरकवली.

साहेबांनी वाकून आत पाहिलं आणि नाकाला रुमाल लावला. मी तिसऱ्या बाटलीचं झाकण काढलं.