थोरलीचा कान

घरचा पियानो लावायला बाबांनी या वेळी धाकटीला बोलावलं, आणि थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. दोघी बहिणी पियानो लावायचंच काम करत होत्या आणि दोघींना शिकवलं बाबांनीच. पण थोरली शिकली ती कानानं. एका सुराच्या तीन तारा. रबराची पाचर खोचून दोन गप्प करायच्या, तिसरी ऐकायची, चावीनं खुंटी केसभर फिरवायची. यात तिची उमेदीची वर्षं गेली. धाकटीनं मोबाईलवर एक अ‍ॅप घेतलं आणि लागली कामाला. सूर बरोबर आला की हिरवा ठिपका, चुकला की लाल. "सिग्नल बघून पियानो लावते," असं थोरली सगळ्यांना सांगत फिरायची.

बाबांना वरचे सूर ऐकू येईनासे झाले तेव्हा त्यांनी चावी खाली ठेवली, आणि घरचा पियानो लावणं थोरलीकडे आलं. तो तिचा मान होता. तोच गेला म्हटल्यावर तिला घरी बसवेना. "सहज आले," म्हणत ती बाबांकडे जाऊन थडकली.

बघते तर पियानोचं झाकण उघडं, चावी चक्क बाबांच्या हातात, आणि धाकटी शेजारी नुसती मोबाईल धरून. डोक्याला डोकं लावून दोघं हसत होती. थोरली काम करायची तेव्हा हेच बाबा कोपऱ्यात पेपर वाचत बसायचे.

"अगं ये ये! बघ, मी लावतोय!" बाबा म्हणाले. "ऐकू येत नाही तर नाही, दिसतंय ना! तू लावायचीस तेव्हा मी आपला नुसती मान डोलवायचो."

हे तिच्या जिव्हारी लागलं.

बाबांनी वरच्या टोकाची पट्टी दाबली, खुंटी जराशी फिरवली. ठिपका हिरवा झाला. तरी सवयीनं त्यांनी थोरलीकडे पाहिलं. "आला का गं?"

आला होता. स्वच्छ आला होता. तिनं स्वतः लावला असता तरी याहून वेगळा लागला नसता, आणि नेमकं तेच तिला सहन होईना.

"किंचित चढलाय, बाबा. उतरवा."

धाकटीनं चमकून पाहिलं. "ताई, हिरवा आहे की!"

"मग मला विचारता कशाला?"

बाबांनी तार उतरवली. ठिपका लाल झाला.

"बाबा, अहो लाल..."

बाबांनी धाकटीच्या हातातला मोबाईल घेऊन पालथा ठेवला. "राहू दे गं ते. हिचा कान मी घडवलाय. ती चढलाय म्हणाली म्हणजे चढलाय."

थोरलीला हवं होतं ते सगळं मिळालं. "थांबा" म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण बाबांनी पाचर काढलीसुद्धा होती. कितीतरी दिवसांनी ते बाकावर बसले आणि त्यांचं आवडतं गाणं वाजवायला लागले. त्यातल्या वरच्या जागा त्यांना ऐकू येत नव्हत्या, बोटांना पाठ होत्या. तो सूर पुन्हा पुन्हा येत होता आणि दर वेळी तडकलेल्या भांड्यासारखा वाजत होता. धाकटी मान खाली घालून बसली होती.

"लागलाय ना नीट?" बाबांनी विचारलं, आणि उत्तरासाठी थोरलीकडेच पाहिलं.